तळाचा कोन

एप्रिल १९६०. फ्लोरिडातल्या मायामीहून बहामातल्या नासाउकडे पॉवरबोटींची शर्यत सुटली, तेव्हा समुद्र चांगलाच खवळलेला होता. ‘मॉपी’ नावाची लाकडी बोट आठ तासांत नासाउला पोचली. दुसरी बोट आली ती दोन तासांनी, आणि बाकीच्यांपैकी एकही त्या दिवशी पोचली नाही. मॉपीचे मालक डिक बर्ट्राम. आराखडा रे हंट यांचा. दुसरी आलेली छोटी बोटही हंट यांनीच आखलेली होती. त्या दिवशी खरा फरक पडला तो तळाच्या आकारामुळे.

तुम्ही पहिलीच बोट घेणार असाल, तर हा आकार स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या. बोट ट्रेलरवर असताना तिच्या मागे जाऊन उभे राहा. जिच्यावर आउटबोर्ड इंजिन बसतं, ती मागची भिंत म्हणजे ट्रान्सम. तिच्या खालच्या कडेला मधोमध कील, बोटीचा कणा. तिथून तळ दोन्ही बाजूंना वर चढत जातो. आडव्या रेषेपासून तो जितके अंश चढतो, तो डेडराइज. शून्य अंश म्हणजे सपाट तळ. साधारण १२ ते २० अंश असतील तर मध्यम व्ही, कारण मागून तळ इंग्रजी V अक्षरासारखा दिसतो. २१च्या पुढे डीप-व्ही. मॉपीचा कोन होता २४ अंश.

पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाला, बहुतेक बोटी धारदारच असतात. जुन्या वेगवान बोटींचा तळ मागे येता येता सपाट व्हायचा. बोटीने वेग घेतला की ती पाण्यावर उचलली जाते, त्याला प्लेनिंग म्हणतात. तेव्हा नाळ हवेत असते आणि लाटेचा तडाखा बसतो तो मागच्या अर्ध्या भागाला. तो भाग सपाट असेल, तर प्रत्येक लाटेला पाठीचा कणा हादरतो. हंट यांनी बोटीच्या मध्यापासून ट्रान्समपर्यंत तोच तीव्र कोन कायम ठेवला. म्हणून विक्रेत्याला विचारायचं ते हेच: हा डेडराइज ट्रान्समपाशी मोजलेला आहे ना?

आता तळावरून हात फिरवा. कीलला समांतर जाणाऱ्या उंच पट्ट्या बोटांना लागतील. त्या स्ट्रेक. त्या पाणी बाहेर फेकतात आणि बोटीला उचल देतात. हात आणखी वर न्या. जिथे तळ संपतो आणि बाजू सुरू होते, ती कड म्हणजे चाइन. ती काटकोनासारखी ठळक असेल तर हार्ड चाइन, गोलसर असेल तर सॉफ्ट.

डीप-व्हीची किंमतही मोजावी लागते. तिला इंजिन जास्त ताकदीचं लागतं, पाणी जास्त खोल लागतं आणि उभी असताना ती जास्त डुलते. शांत खाडीत गळ टाकून बसायचं असेल, तर हा सौदा तोट्याचा. याच हंट यांनी १९५८ साली बाजारात आलेल्या १३ फुटी बोस्टन व्हेलरच्या आराखड्यातही हात घातला होता. तिचा तळ अगदी वेगळा, उभी असताना घट्ट राहणारा. एकाच माणसाने दोन कामांसाठी दोन आकार निवडले, आणि दोन्ही आपापल्या जागी योग्य होते.

पाणी कापत, त्यात बसूनच चालणाऱ्या डिस्प्लेसमेंट हलची (हल म्हणजे बोटीचं बाहेरचं अंग) गोष्ट निराळी. पाण्यातली लांबी २५ फूट असेल, तर तिचा वेग साधारण पावणेसात नॉटला, म्हणजे ताशी तितक्या सागरी मैलांना, अडतो. तिथे मोठं इंजिन लावलंत, तर डिझेल जळेल, वेग मात्र फारसा वाढणार नाही.

चाचणीची फेरी मारताना विक्रेते बहुतेक वेळा वेगच दाखवतात. तुम्ही मध्येच इंजिन बंद करायला सांगा. दोघांना एकाच बाजूला उभं करा. डीप-व्ही असेल तर बोट पटकन कलेल, आणि चाइन पाण्याला टेकली की सावरेल. घरची मंडळी त्या झुकण्यात निवांत बसू शकतात का, तेवढं बघा आणि मग किमतीचं बोला.