जॅकची टेकडी

मागे आवाज येतोय ना? बरं. तर १९९३ चा 'द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस', डिरेक्टर हेन्री सेलिक. हो, सेलिकच. टिम बर्टनचं नाव मोठं छापतात, गोष्ट त्याची, पात्रं त्याची, निर्माताही तो, पण सॅन फ्रान्सिस्कोत तीनेक वर्षं बाहुल्या हलवून घेत बसला होता तो सेलिक.

त्यातली ती टेकडी, पिक्चर बघितला नसेल तरी तुम्ही बघितलीय, लिंकिंग रोडला टीशर्टवर टांगलेली असते. मागे भलामोठा चंद्र, पुढे काळी टेकडी आणि तिचं टोक चकलीसारखं आत वळलेलं. हॅलोविन टाउन या भुतांच्या गावाच्या स्मशानात आहे ती.

आता सीन बघा. जॅक म्हणजे गावचा राजा, भीती घालण्यात त्याचा हात धरणारं कोणी नाही, सगळे त्याचा जयजयकार करतायत आणि हा पठ्ठ्या हळूच सटकतो, कारण दरवर्षी तेच तेच करून त्याला वीट आलाय. स्मशानात येतो, टेकडीवर चढतो, गातो (गाण्यातला आवाज डॅनी एल्फमनचा, संगीतही त्याचंच) आणि पुढे चालायला लागतो तसं ते वळलेलं टोक त्याच्या पायाखाली उलगडत जातं, त्याला खाली उतरवतं. का उलगडतं? कोणी सांगत नाही. आणि आपण विचारतही नाही, हीच तर गंमत आहे.

आपल्याकडच्या गोष्टीत पिंपळावर मुंजा असतो, विहिरीत हडळ असते, आणि माणूस चुकून तिकडे गेला की धरला. जागा भुताची, भीती आपली. इथे सगळं गावच भुतांचं, त्यामुळे या टेकडीची भीती कोणालाच नाही, घाबरवणारा स्वतःच कंटाळून तिथे एकटा जाऊन बसतो. गावात त्याच्या मनातलं कोणाला कळत नाही, त्याच्यावर मनातून प्रेम करणारी सॅली तेवढी थडग्याआड लपून ऐकते, आणि ही टेकडी. मला तर ती सेट वाटतच नाही, पात्र वाटते.

आणि ती हलवायची म्हणजे काय हे अ‍ॅनिमेशनवाल्यांनी नीट ऐका. स्टॉप मोशनमध्ये आपोआप काही होत नाही, पडद्यावरच्या एका सेकंदाला २४ फ्रेम, जॅकचा पाय हाताने किंचित सरकवायचा, तोंड बदलायचं असेल तर डोकंच काढून दुसरं बसवायचं, अशी त्याची सुमारे ४०० डोकी केली होती, आणि त्याच फ्रेममध्ये टेकडीचा वळसाही तेवढाच सोडायचा, मग फोटो, मग परत पहिल्यापासून. पाय पुढे आणि टेकडी मागे राहिली तर सगळं मुसळ केरात.

सेटवर माती नाहीतर प्लास्टर थापून त्यात रेघा ओरबाडल्यात, म्हणजे शाईच्या निबने काढलेलं चित्र वाटावं, एडवर्ड गोरी किंवा रोनाल्ड सर्लच्या रेखाटनांसारखं. तुमच्यातले मूर्तिकामातून आलेले असतील त्यांना ते बघताक्षणी कळेल.

शेवटी जॅक आणि सॅली भेटतात तेही इथेच. टीशर्टवाल्यांना तेवढंच पुरतं. मला विचाराल तर तो सीन गोड आहे, पण टेकडीचं खरं काम जॅकच्या त्या गाण्यातच होऊन गेलंय.

चला, आता प्रश्न विचारा. फक्त हा पिक्चर हॅलोविनचा की ख्रिसमसचा, हा वाद नको, साडेआठला हॉल रिकामा करायचाय आणि मला डोंबिवली फास्ट पकडायचीय.