कोरम भरला का?

राम राम मंडळी. यावल तालुक्यात माझ्या गावी आलो की पारावर ठरलेला प्रश्न असतो, काय रे भो, तू फॉरेनला पार्लमेंटचं काम करतो म्हणजे नेमकं करतो काय? आज तेच सांगतो, पण सुरुवात आपल्या ग्रामसभेपासून.

ग्रामसभेला कोरम लागतो, म्हणजे सभा चालायला कमीत कमी इतकी माणसं हजर पाहिजेत, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यातलं जे कमी असेल ते. कुणाला केळीची गाडी भरायची असते, कुणाला मजुरी बुडवता येत नाही, माणसं जमत नाहीत आणि सभा तहकूब. आता गंमत नाही, गंभीर गोष्ट सांगतो, तहकूब सभेला कोरम लागतच नाही, मग पाच-सात जण बसून अख्ख्या गावाचा आराखडा मंजूर करतात, लहानपणी मी हे टेबलाजवळ उभं राहून पाहिलंय आणि तेव्हापासून ते डोक्यातून गेलं नाही. लोकसभेचा कोरम एक दशांश, म्हणजे 55 जण. लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्सचा 40.

पण नुसतं हजर राहून भागत नाही ना, समोरचा कागद कळायला पाहिजे. ज्या देशात संसद नवीन असते तिथे बजेटचा जाडजूड गठ्ठा हातात पडतो आणि चार दिवसांत मतदान, वाचणार कधी? आम्ही तिथल्या संसदेच्या सचिवालयातल्या पोरापोरींसोबत बसून त्याचं सार दोन पानांत लिहून काढायचो, दवाखान्यांना गेल्या वर्षी किती दिले, त्यातले खर्च किती झाले, यंदा किती मागताय. एकदा एका खासदारबाईंनी समितीत तो कागद उघडला, औषधांच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, हे पैसे पडून का राहिले? अधिकारी बराच वेळ फाईल चाळत राहिले. बस, हेच माझं काम.

संसदा आणि लोकशाही मजबूत करायचं असं काम करणाऱ्या संस्था आहेत, जिनिव्हाची आंतर-संसदीय संघ ही संस्था 1889 पासूनची, स्टॉकहोमची इंटरनॅशनल आयडिया 1995 ची आणि तिच्या संस्थापक देशांत आपला भारत आहे. मात्र नोकरी पक्की नसते, काँट्रॅक्टवर चालतं, 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत कापली तेव्हा या कामातल्या कितीतरी जणांचं काम एका झटक्यात गेलं. हे माहीत असू द्या.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या ग्रॅज्युएट पोरांनी लॅम्प फेलोशिपचं बघा, त्यात एका खासदारासोबत वर्षभराच्या आसपास काम करायला मिळतं, कुठल्याही शाखेची डिग्री चालते. आणि तोवर 15 ऑगस्टच्या ग्रामसभेला जा, मागच्या सभेचं प्रोसिडिंग वाचून दाखवा म्हणा, वहीत लिहून घ्या.