पोच कुठून येणार? मंद गतीच्या प्रकाश-जाळ्यांची रचना

नमस्कार मंडळी. प्रकाशातून डेटा पाठवायचा म्हटलं की पहिला प्रश्न वेगाचा येतो, आणि त्याला कारणही आहे. २०११ साली हाराल्ड हास यांनी एडिनबराच्या व्यासपीठावर टेबललॅम्पच्या उजेडातून व्हिडिओ पाठवून दाखवला आणि 'लाय-फाय' हे नाव जगभर गेलं. २०२३मध्ये आलेलं ८०२.११बीबी हे मानक तर सेकंदाला ९.६ गिगाबिटपर्यंतची भाषा करतं. मी मात्र आज दुसऱ्या टोकाबद्दल बोलणार आहे. आय-ट्रिपल-ई या तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या, प्रकाश-संदेशवहनासाठीच्या २०११च्या ८०२.१५.७ या मानकात सर्वांत कमी वेग दिलाय तो सेकंदाला ११.६७ किलोबिट. इतक्या मंद गतीवर जाळं उभारायचं असेल, तर माझ्या मते खरी मेहनत दिव्यावर किंवा प्रकाश टिपणाऱ्या फोटोडायोडवर होत नाही. ती होते एका प्रश्नावर: पाठवलेलं पोचलं, हे पाठवणाऱ्याला कसं कळणार?

हा प्रश्न प्रकाश-संदेशवहनाच्या जन्मापासून आहे. १८८० साली अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि चार्ल्स समनर टेंटर यांनी वॉशिंग्टनमध्ये फोटोफोनचा प्रयोग केला. सूर्याचा किरण आवाजाने थरथरणाऱ्या आरशावरून परावर्तित करायचा आणि २१३ मीटरवर सेलेनियमच्या, म्हणजे उजेडाप्रमाणे वीजप्रवाह बदलू देणाऱ्या पदार्थाच्या, साहाय्याने तो पुन्हा ऐकायचा. टेंटर शाळेच्या गच्चीवर होते, बेल प्रयोगशाळेत. टेंटर प्रकाशावरून काय म्हणाले? ऐकू येत असेल तर खिडकीत या आणि हॅट हलवा. बेल खिडकीत आले, हॅट हलवली. संदेश गेला किरणावरून, पोच आली हॅटवरून. जाण्याची वाट एक, परतीची वेगळी. मंद गतीच्या बहुतेक प्रकाश-जाळ्यांची आजची अवस्थाही हीच आहे.

आता घरातला टीव्हीचा रिमोट घ्या. बरेच रिमोट ९४० नॅनोमीटरच्या अवरक्त एलईडीतून ३८ किलोहर्ट्झच्या लहरीवर बोलतात. त्यातली एनईसी नावाची पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. आधी ९ मिलिसेकंदांचा लांब झोत, मग ४.५ मिलिसेकंद शांतता. हा इशारा संपला की ३२ बिट येतात. प्रत्येक बिटाची सुरुवात ५६२.५ मायक्रोसेकंदांच्या झोताने होते. त्यानंतरची शांतता तेवढीच असेल तर शून्य, तिप्पट असेल तर एक. या ३२ बिटांत उपकरणाचा पत्ता आठ बिट, मग तोच पत्ता उलटा करून, मग आज्ञा आठ बिट आणि तीही उलटी करून. म्हणजे निम्मे बिट निव्वळ खात्रीसाठी खर्च केलेत. सगळ्याला साधारण ६८ मिलिसेकंद लागतात. वेग काढलात तर सेकंदाला पाचशे बिटसुद्धा भरत नाहीत.

आणि पोच? रिमोटला फोटोडायोडच नाही. चॅनेल बदललं की नाही हे बघतो तो माणूस, आणि नसेल बदललं तर बटण पुन्हा दाबतो. हे एकमार्गी रचनेचं सर्वांत यशस्वी उदाहरण आहे, पण ते चालतं ते परतीची वाट माणसाच्या डोळ्यांतून जाते म्हणून. तिथून माणूस काढून घ्या आणि सेन्सर ठेवा, की सगळी जबाबदारी डेटा हस्तांतरणाच्या पद्धतीवर येऊन पडते.

आपण एक वॉर्ड डोळ्यांसमोर आणू. आठ खाटा, प्रत्येक खाटेला दोन छोटी उपकरणं, छतावर दिवे. दिवा कोऑर्डिनेटर, म्हणजे जाळ्याचा सूत्रधार; तो खाली बोलतो दृश्य प्रकाशात, उपकरणं वर बोलतात अवरक्त प्रकाशात. वर दृश्य प्रकाश का नाही? एकतर रात्री रुग्णाच्या उशाशी लुकलुकणारा दिवा कुणालाच नको. दुसरं, छतावरच्या दिव्याच्या शेजारीच त्याचा ग्रहणी फोटोडायोड असतो, आणि दिव्याचा स्वतःचाच उजेड जमिनीवरून परतून त्याला दिपवतो. तरंगलांबी वेगळी ठेवून फिल्टर लावला की हा त्रास बराच कमी होतो. फक्त ९४० नॅनोमीटर निवडताना जपा. वॉर्डातला टीव्हीचा रिमोटही तिथेच बोलतो आणि बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर साधारण ६६० आणि ९४० नॅनोमीटरच्या एलईडीवर चालतो.

आता हिशेब करू. तापमानाचं एक वाचन, पत्ता, क्रमांक, चूक-तपासणी धरून वीस बाइट. म्हणजे १६० बिट. ११.६७ किलोबिटच्या गतीने सुमारे १४ मिलिसेकंद. अशा एका संचाला फ्रेम म्हणतात. सोळा उपकरणांनी दर दहा सेकंदांनी एक फ्रेम पाठवली, तर दहा सेकंदांतले जेमतेम २२० मिलिसेकंद भरतात. शेकडा दोन. सर्वांत मंद गतीवरसुद्धा वाहिनी ९८ टक्के रिकामी! म्हणून म्हणतो, अशा ठिकाणी वेग वाढवण्यामागे लागू नका.

रेडिओच्या जाळ्यात उपकरण बोलण्याआधी कान देतं. कुणी बोलत असेल तर थांबतं. प्रकाशात हे बहुतेक वेळा फसतं. खाटेवरच्या उपकरणाचा एलईडी आणि फोटोडायोड दोन्ही छताकडे तोंड करून बसलेले. शेजारच्या खाटेवरचं उपकरण बोलतंय हे त्याला दिसतच नाही, दिव्याला मात्र दोन्ही दिसतात. म्हणजे ऐकून मग बोलण्याची पद्धत रेडिओच्या मानकातून जशीच्या तशी उचलली, तर ऐकण्यासाठी बॅटरी खर्च होते आणि पदरात काही पडत नाही. आपल्या वॉर्डात न ऐकता सरळ बोललं तर? दोन टक्के भार असताना एखादी फ्रेम दुसरीवर आदळण्याची शक्यता चारेक टक्के निघते. पोच आली नाही तर थोडा, प्रत्येकाने वेगवेगळा, वेळ थांबून पुन्हा पाठवायचं. एवढ्यावर काम भागतं.

पण हे गणित एक गोष्ट गृहीत धरतं, की सगळे आपापल्या वेळी बोलतात. वीज जाऊन परत आली की हे गृहीत कोसळतं. दिवे लागतात, दिवा पहिला बीकन, म्हणजे 'मी इथे आहे' असा ठरावीक वेळाने सर्वांसाठी दिला जाणारा इशारा, पाठवतो, आणि बॅटरीवर जिवंत राहिलेली सोळाच्या सोळा उपकरणं तो एकाच क्षणी ऐकून जाळ्यात सामील होण्यासाठी एकदम बोलतात. एकही फ्रेम धड पोचत नाही. सगळ्यांचा थांबण्याचा काळ सारखाच असेल, तर पुढची फेरीही तशीच वाया जाते. जिथे भारनियमन नेहमीचं आहे तिथे हा अपवाद मानून चालणार नाही. बीकन ऐकल्यावर पहिल्या सामील होण्याआधीची वाट लांब आणि यादृच्छिक ठेवा; दहा-वीस सेकंदांत पसरलेली असली तरी चालेल.

धोक्याची सूचना मात्र नशिबावर सोडता येत नाही. ८०२.१५.४ या रेडिओच्या मानकात बीकनपासून सुरू होणारा बोलण्याचा काळ १६ समान स्लॉटमध्ये, म्हणजे वेळेच्या तुकड्यांत, वाटलेला असतो. त्यातले काही सर्वांना खुले, काही एखाद्या उपकरणासाठी राखीव. ८०२.१५.७ने हाच सांगाडा घेतला. नाडीचा इशारा देणाऱ्या उपकरणाला राखीव स्लॉट द्या, तापमानाला खुल्या स्लॉटमध्ये सोडा. एकाच जाळ्यात दोन्ही पद्धती नांदू शकतात आणि नांदाव्यात.

आता उलट दिशा: दिव्याकडून उपकरणाकडे. इथे अडचण अशी की उपकरण झोपलेलं असतं, बॅटरी वाचवण्यासाठी. म्हणून मानकातली पद्धत अशी: दिवा आपल्या बीकनमध्ये नुसतं सांगतो, अमुक पत्त्यासाठी निरोप आहे. उपकरण जागं होऊन बीकन वाचतं, निरोपाची मागणी करतं, दिवा मागणीची पोच देतो, मग निरोप पाठवतो, मग उपकरण निरोपाची पोच देतं. पाच पावलं. यातली दोन वर जाणारी आहेत, आणि प्रकाशात वरची वाट खालच्या वाटेसारखी नसते. रेडिओत मला तुझं ऐकू येत असेल तर तुलाही माझं ऐकू येण्याची शक्यता बरीच असते. इथे छतावरचा दिवा अनेक वॅटचा, उपकरणाचा एलईडी मिलिवॅटचा. रुग्णाने पांघरूण ओढलं, उपकरण थोडं कललं, की उपकरणाला बीकन दिसत राहतो पण त्याचा आवाज वर जात नाही. उपकरण समजतं आपण जोडलेले आहोत. दिवा समजतो उपकरण गेलं.

माझी सूचना अशी की बीकनमध्ये निरोपांच्या यादीबरोबर 'गेल्या फेरीत मी कुणाकुणाचं ऐकलं' याचा नकाशा घाला. सोळा उपकरणांना सोळा बिट, दोन बाइट फक्त. त्याने दोन कामं होतात. ज्याचा बिट शून्य आहे त्याला कळतं की आपली वरची वाट बंद आहे, आणि ज्याचा बिट एक आहे त्याला वेगळी पोच पाठवावी लागत नाही. उशिरा कळतं, हे खरं. पण दहा सेकंदांनी एकदा बोलणाऱ्या थर्मामीटरला त्याने काही फरक पडत नाही. राखीव स्लॉटमधल्या इशाऱ्याला तत्काळ पोच द्या, बाकीच्यांना या नकाशावर ठेवा.

पोच हरवण्याचाही विचार हवा. डेटा पोचला, पोच वाटेत हरवली, पाठवणाऱ्याने पुन्हा पाठवलं. तापमान दोनदा आलं तर बिघडत नाही. पण सलाइनच्या पंपाला 'गती पाचने वाढव' असा निरोप दोनदा गेला तर? म्हणून प्रत्येक फ्रेमला अनुक्रमांक हवा, आणि आज्ञा नेहमी 'गती चाळीस ठेव' अशी द्यावी. तीच आज्ञा दोनदा पोचली तरी परिणाम एकच राहतो. हे काम ॲप्लिकेशन लिहिणाऱ्यांचं आहे म्हणून जाळ्याची रचना करणारे हात झटकतात, ते मला मान्य नाही.

एक चिठ्ठी आली आहे: ऊन आलं तर? चांगला प्रश्न. उन्हाने फोटोडायोडमधला स्थिर प्रवाह वाढतो. तो वजा करता येतो, पण त्याच्याबरोबर आलेला यादृच्छिक गोंधळ वजा होत नाही. ट्यूबलाइटचं तसं नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुन्या चोकवाल्या ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, आणि तो फिल्टरने गाळता येतो. मात्र त्यासाठी तुमच्या संदेशात मंद बदल नसावेत. मँचेस्टर पद्धतीत प्रत्येक बिटाचा अर्धा भाग उजेडाचा आणि अर्धा अंधाराचा असतोच, त्यामुळे गाळणी लावली तरी संदेश शाबूत राहतो. उन्हाच्या खिडकीजवळच्या खाटेला मी दुपारसाठी लहान फ्रेम आणि जास्त वेळा पुनरावृत्ती असा वेगळा नियम देईन.

फ्रेम लहान की मोठी, याचं उत्तर आडोशात आहे. हजार बाइटची फ्रेम ११.६७ किलोबिटला जवळपास ०.७ सेकंद घेते. नर्स मधून चालत गेली की तेवढ्यात सगळी फ्रेम गेली. ८०२.१५.७ मध्ये फ्रेम पाठवण्याच्या काही पद्धती आहेत: सुटी फ्रेम, एकाच ग्राहकासाठी अनेक तुकडे एकत्र बांधलेली, आणि लागोपाठ झड लावणारी. सुट्या फ्रेमला दरवेळी सुरुवातीचा जुळणीचा इशारा लागतो, तो खर्च आहे. बांधलेल्या फ्रेमला तो एकदाच लागतो. पण मंद गतीवर, माणसं वावरतात तिथे, सुटी लहान फ्रेमच बरी. बांधलेली फ्रेम रात्रीसाठी ठेवा, उपकरणाच्या प्रणालीत सुधारणा पाठवायची असेल तेव्हा.

दिव्याचं मूळ काम उजेड देणं आहे हेही विसरता येत नाही. मानक सांगतं की प्रकाशातला बदल ५ मिलिसेकंदांच्या आत पुरा व्हावा, म्हणजे २०० हर्ट्झच्या वर, नाहीतर डोळ्याला लुकलुक जाणवू शकते. त्यामुळे दिवा बोलत नसतानाही तो सरासरी तेवढाच उजेड देणारी रिकामी नक्षी पाठवत राहतो. नर्सने रात्री दिवा मंद केला तरी संवाद चालू हवा. जाळ्याच्या नियमांत 'शांत राहा' असं जिथे लिहाल तिथे दिव्यासाठी 'नक्षी चालू ठेवा' असं लिहावं लागतं.

परतीची वाटच नसेल तेव्हा काय? दिवा सतत प्रसारण करतोय आणि पाहुण्याच्या मोबाईलचा कॅमेरा ते वाचतोय, अशा ठिकाणी. मोबाईलचा कॅमेरा चित्राच्या ओळी एकामागून एक टिपतो, म्हणून भराभर लुकलुकणारा दिवा त्याला काळ्यापांढऱ्या पट्ट्यांसारखा दिसतो आणि त्या पट्ट्यांतून बिट मिळतात. पण एक चित्र संपून पुढचं सुरू होईपर्यंत तो काही काळ आंधळा असतो. शिवाय पाहुणा मध्येच येतो. तुकडे एक ते वीस क्रमाने फिरवत ठेवलेत आणि त्याचा सातवा हुकला, तर पूर्ण फेरीची वाट बघावी लागते. तोवर हात दुखून तो फोन खाली घेतो. मायकेल लुबी यांनी २००२ साली मांडलेल्या एलटी कोडसारखी पद्धत इथे फार उपयोगी पडते. तुकड्यांची वेगवेगळी मिश्रणं अखंड पाठवत राहायची. कुठलीही मिळोत, मूळ संख्येपेक्षा थोडी जास्त जमली की मजकूर उलगडतो. तुकडे थोडे असतील तर ते 'थोडं जास्त' बरंच होतं, म्हणून वीसच तुकडे असताना मिश्रणाची नक्षी हाताने निवडून तपासावी.

शेवटचा मुद्दा दोन दिव्यांच्या मधल्या खाटेचा. तिथल्या उपकरणाला दोन्ही बीकन दिसतात. दोन्ही दिव्यांनी बीकन एकाच वेळी पाठवला तर तिथे एकही धड वाचता येत नाही, म्हणून शेजारच्या दिव्यांचे बीकन वेळेत सरकवून ठेवावेत. आणि उपकरणाने दिवा निवडताना कुठला जास्त ठळक दिसतो यावर न जाता, कुठल्या दिव्याच्या नकाशात आपला बिट एक आहे ते पाहावं. किती फेऱ्या तो शून्य राहिल्यावर दिवा बदलायचा? मी तीनपासून सुरू करतो. मग खाटेशेजारी उभं राहून उपकरणावर हात धरतो, चादर टाकतो, सलाइनचा स्टँड मध्ये आणतो आणि नोंदी बघून तो आकडा ठरवतो. आडोसा क्षणभराचा असताना दिवे बदलत बसणारं उपकरण बॅटरी लवकर संपवतं. फार थांबणारं वाचनं गमावतं. हा आकडा प्रत्येक खोलीत वेगळा निघतो.