बक्षीस पोशाखाला, माणसाला नाही

नमस्कार श्रोतेहो. विनोदी अभिनयाला मोठी बक्षिसं सहसा का मिळत नाहीत, त्याबद्दल आज बोलू.

१९५९ साली बिली वाइल्डर यांचा 'सम लाइक इट हॉट' आला. गुंडांच्या तावडीतून सुटण्यासाठी दोन वादक बायकांचे कपडे चढवून बायकांच्या बँडमध्ये शिरतात. 'अशी ही बनवाबनवी' आठवली ना? कथा निराळी, पण सोंग निभावतानाची तारांबळ तीच.

ऑस्करची सहा नामांकनं मिळाली. हाती आलं एकच, वेशभूषेचं. म्हणजे पोशाखाला बक्षीस, पण पोशाखातल्या नटाला, जॅक लेमनना नाही! मुख्य अभिनेत्याचं ऑस्कर गेलं 'बेन-हर'च्या चार्ल्टन हेस्टनना.

लेमनचा एक प्रसंग सांगतो. एका लक्षाधीशाबरोबर रात्रभर टँगो नाचून बाईच्या वेशातले लेमन खोलीवर येतात आणि पलंगावर लोळत मित्राला सांगतात, माझं लग्न ठरलंय. हातात मराकस, आपल्या खुळखुळ्यासारखं वाद्य. एक वाक्य बोलायचं, ते खुळखुळवायचं, मग दुसरं. ते कशासाठी? थिएटरात हशा इतका पिकेल की पुढचं वाक्य त्यात बुडेल, हे वाइल्डरनी आधीच ओळखलं होतं. हसायला जागा राहावी म्हणून ते खुळखुळे.

आता हाच प्रसंग चार गंभीर परीक्षकांनी शांत खोलीत पाहिला तर? वाटेल, हा बाबा मधेमधे का थांबतोय! रडका सिनेमा एकट्यानंही पाहता येतो, विनोदाला भरलेलं थिएटर लागतं. शिवाय रडण्यातले कष्ट पडद्यावर दिसतात. विनोदातले दिसले, की विनोद मेलाच.

पुढच्याच वर्षी वाइल्डरच्या 'द अपार्टमेंट'ला पाच ऑस्कर मिळाले, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचंही. तोही विनोदीच, पण त्यात नायिका जीव द्यायला निघते. दुःख जामीन राहिलं, की विनोदाला आत घेतात! आणि लेमन? साहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर त्यांना आधीच मिळालं होतं, पण मुख्य अभिनेत्याचं मिळालं ते १९७३च्या 'सेव्ह द टायगर'साठी. भूमिका अर्थातच गंभीर.

गोल्डन ग्लोब या दुसऱ्या अमेरिकी पुरस्कारवाल्यांनी विनोदाची पंगतच वेगळी मांडली. तिथे 'सम लाइक इट हॉट'साठी लेमन जिंकले, त्याची नायिका मेरिलिन मन्रोही जिंकल्या. ऑस्करनं मन्रोंना आयुष्यात एकदाही नामांकन दिलं नाही. आपल्याकडे फिल्मफेअरनंही कित्येक वर्षं विनोदी नटासाठी वेगळा पुरस्कार ठेवला होता. मला ही सोय पटत नाही. वेगळं पान वाढलं, की मुख्य पंगतीत बोलवायचं राहूनच जातं.

पण १९७९च्या 'गोलमाल'साठी अमोल पालेकरांना फिल्मफेअर मिळालं ते थेट सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं. रामप्रसाद मिशीवाला, लक्ष्मणप्रसाद बिनमिशीचा, आणि दोघांची चाल, बोलणं, नजर सगळं निराळं. परीक्षकांना तेव्हा मिशीपलीकडचं दिसलं होतं.