साइड बदलताना

आधीच सांगून ठेवते, या फिल्ममध्ये गाणं नाही. गाण्याचे हक्क आमच्याकडे नाहीत, आणि मोबाइलवर जे रेकॉर्ड झालंय ते इतकं फाटलंय की ऐकवण्यात अर्थ नाही. तेव्हा मंच शोधू नका. खाली उजवीकडे बघा. काळ्या सँडलमधला जो पाय हलतोय, तो माझ्या बाबांचा.

१५ डिसेंबर २०१९, रविवार. नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम. डब्लिनचा यूटू हा बँड भारतात पहिल्यांदाच वाजवतोय. चौघं १९७६ पासून एकत्र. ‘द जोशुआ ट्री’ या अल्बमच्या दौऱ्यातला हा शेवटचा मुक्काम, आणि अल्बम आहे १९८७ चा. म्हणजे बाबा बत्तीस वर्षं थांबले होते, असं मी म्हणते. त्यांना ते पटत नाही. “थांबलो कुठे? नोकरी करत होतो.”

दुपारी ठाण्याहून निघालो. रविवार, म्हणून मेगाब्लॉकची धास्ती. बाबांनी तीन तास हाताशी ठेवलेले. ट्रान्स-हार्बरच्या गाडीत बसायला मिळालं. ऐरोली गेलं, रबाळे येतंय, आणि हे बघा, बाबा उठून दाराकडे निघाले. रबाळ्याला एका केमिकल कंपनीत ते इन्स्ट्रुमेंट फिटर होते. २००४ मध्ये ही लाइन सुरू झाली, त्याआधी बसने जायचे. कंपनी बंद होऊन तीन वर्षं झाली, पाय अजून ड्यूटीवर आहेत. “अहो बाबा, नेरुळ!” म्हटल्यावर परत येऊन बसले, तोवर खिडकी गेली होती.

गेटवर आमची पिशवी अडली. आत थालीपिठं होती, दह्याची छोटी बरणी होती. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, पाण्याची बाटलीही नाही. मी वैतागले. बाबा शांतपणे भिंतीच्या कडेला गेले आणि उभ्याने चारही थालीपिठं संपवली. दही सिक्युरिटीवाल्या पोराला विचारून पाहिलं. तो हसला, पण घेतलं नाही.

आमची जागा मंचासमोर, पण अगदी मागे, वरच्या स्टँडमध्ये. याच मैदानावर २००८ साली पहिल्या आयपीएलची फायनल झाली होती. छताला मध्ये खांब नाहीत, त्यामुळे कुठूनही सगळं दिसतं. आज खेळपट्टीच्या जागी माणसं, आणि टोकाला सुमारे ६१ मीटर लांब, १४ मीटर उंच एलईडी पडदा. त्यावर एका वाळवंटी झाडाची आकृती, फांद्या पडद्याच्या वर निघालेल्या. पुढे गर्दीत घुसलेला जो छोटा मंच आहे, तो त्या झाडाची सावली पडावी तसा कापलाय. बाबांनी आधी वजनाचा हिशेब केला. मग तारा कुठून आणल्यात ते शोधलं. गायक कुठून येणार, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही.

कार्यक्रम सुरू झाला तसं त्यांनी माझा दंड धरला. “काठी बघ. आता पडली. आता ऐकू आली.” खरंच, ड्रमरचा हात खाली येऊन गेल्यावर ठोका पोचत होता. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. शंभर मीटरवर बसलेल्या माणसाला पाव सेकंदाहून जास्त उशीर होणारच. म्हणून मैदानात मध्येच मनोरे उभारून स्पीकर टांगतात. मुख्य स्पीकरचा आवाज तिथवर येईपर्यंत त्या स्पीकरना मुद्दाम थोपवून धरतात, नाहीतर सगळ्याचा खिचडा होतो. हे मला बाबांनी ओरडून समजावलं, मागच्या रांगेतल्या दोघांनाही समजलं असावं.

आता पाय नीट बघा. अल्बमचं पहिलं गाणं. गिटार वाजवणाऱ्याचं नाव दि एज. तो एक सूर छेडतो, यंत्र तो किंचित उशिराने परत देतं, आणि त्या दोहोंच्या फटीत तो पुढचा सूर ठेवतो. बाबा कळव्यात वाढले. ते म्हणतात, पारसिकच्या डोंगराकडे तोंड करून हाक मारायची आणि ती परतायच्या आत दुसरी सोडायची, तसं आहे हे. सुरुवातीला चाल तीनाची आहे, मग चाराची होते. तिथे पाय एकदा अडखळला, दिसला? पुढे मात्र चुकलेला नाही.

बाबांकडे हा अल्बम साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर होता, दुकानातून भरून घेतलेला. पहिल्या बाजूला पाच गाणी, चोवीस मिनिटांत संपायची. पुढची सहा मिनिटं रिकामी. आजोबांना ती नासाडी बघवेना. त्यांनी टू-इन-वनवर रेडिओ लावून त्यात भीमसेन जोशींचा अभंग भरला. तो अर्ध्यावर आला आणि पट्टी संपली. नंतर बाबांनी मुंबईत रंगभवन या खुल्या थिएटरला रॉक ऐकलं, धोबीतलावला उघड्यावर बसून. शांतता क्षेत्राच्या नियमांनी तिथलं वाजवणं बंद झालं, तेही पाहिलं. रिदम हाऊस या दुकानातून या अल्बमची सीडी आणली. सीडीवर अभंग नाही, म्हणून ती फार वाजली नाही.

स्टेडियममध्ये अल्बम ओळीने वाजवला, अकराही गाणी. पुढे ए. आर. रहमान आपल्या मुलींना घेऊन मंचावर आले, तेव्हा आमच्या आसपास सगळे उभे राहिले. बाबाही राहिले, पण त्यांची रात्र तोवर होऊन गेली होती. ती झाली पाचव्या गाण्यानंतर. सहावं सुरू होण्याआधी जरा उसंत होती, आणि बाबांचा उजवा हात मांडीवरून उठला, हवेत थांबला, परत खाली आला. साइड बदलायला.

परतीच्या गाडीत उभेच होतो, तुर्भ्यापर्यंत दार दिसत नव्हतं. बाबांनी विचारलं, “ते मधलं आलंय का गं तुझ्या फोनमध्ये?”

आलंय. जेमतेम अकरा सेकंद. त्यात बँड काहीच वाजवत नाहीये, त्यामुळे ते ऐकवायला कुणाची हरकत नसावी. मागचा गलका स्टेडियमचा आहे. जवळचा आवाज बाबांचा, अभंगाचा. अर्ध्या कडव्यावर थांबतो. कॅसेट तिथेच संपायची.