आकडा आणि प्रिया

(दृश्य : जावळी तालुक्यातलं घर. दारामागच्या खुंटीवर लोखंडी आकडा.)

हा माझ्या आजोबांचा आकडा. लाकडी मूठ आणि पुढं वाकवलेलं, टोकदार लोखंड. मूठ डाव्या अंगाला जास्त झिजलीय, कारण आजोबा डावखुरे होते. मुंबईला दाणाबंदरात ते धान्याची पोती वाहायचे. आकडा पोत्यात रुतवायचा, पोतं ओढायचं, पाठीवर घ्यायचं आणि वखारीची वाट धरायची. दिवसभर तेच.

जावळी, पाटण, माण, खटाव... इथल्या कितीतरी घरांत असा एक आकडा असेल. डोंगराकडं जमीन तुकड्या-तुकड्यांची, माणदेशात पावसाचा भरवसा नाही. मग घरटी एक तरी गडी मुंबईला जायचा. उतरायचा गावाच्या गाळ्यात. एका खोलीत इतकी माणसं, की एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची अंथरायची. जेवण खानावळीत. उरलेल्या पैशांची मनीऑर्डर गावाला, आणि पोस्टमनच्या वाटेकडं डोळे लावून बसलेली आजी.

(दृश्य : मुंबई बंदराची जुनी छायाचित्रं.)

प्रिन्सेस डॉक 1880 सालचा. अलेक्झांड्रा डॉक 1914 चा, आता त्याला इंदिरा डॉक म्हणतात. बंदरावर माल उतरायचा तो माणसांच्या बळावर, आणि बंदराभोवतीचा बाजारही त्यांच्याच पाठीवर उभा होता. त्या पाठीला ना हजेरीपट होता, ना फंड, ना दुखण्याखुपण्याची रजा. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याच्या अण्णासाहेब पाटलांनी ही माणसं एक केली आणि 1969 साली माथाडी कायदा झाला. आमच्या घरात त्यांचा फोटो देवांच्या रांगेत आहे, यात मला तरी काही वावगं वाटत नाही.

मग कंटेनर आला. 1989 साली खाडीपलीकडं न्हावाशेवा बंदर सुरू झालं. वीस फुटी, चाळीस फुटी पेटी क्रेननं उचलायची आणि ट्रेलरवर ठेवायची. आत काय आहे ते वाटेत कुणी बघत नाही, पोत्याला कुणाचा हात लागत नाही. दाणाबंदरातला घाऊक बाजार वाशीला गेला. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या गोद्यांत भराव पडला. जिथं जहाजं लागायची तिथं आज जमीन आहे.

जुन्या बंदरावर अजून माल येतो, पण वेगळा. चाकणच्या कारखान्यांतल्या नव्या कोऱ्या मोटारी इथून परदेशी जातात. ड्रायव्हर मोटार सुरू करतो आणि सरळ जहाजाच्या पोटात नेऊन उभी करतो. या मालाला आकडा लागत नाही.

(दृश्य : सातारा. गोणपाटाखाली झाकलेली स्कूटर.)

काकांना मुंबईला जावं लागलं नाही. 1975 साली राज्य सरकारचं पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स काढली. साताऱ्यात कारखाना उभा राहिला आणि तिथून ‘प्रिया’ बाहेर पडू लागली. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे ते दिवस. सातारच्या पोरानं घरचा डबा घेऊन कामावर जावं आणि संध्याकाळी घरी परतावं, हे आमच्या घरात तोवर कुणी पाहिलं नव्हतं. आजीला याचं केवढं अप्रूप! ती काकांचा डबा स्वतः भरायची.

पुढं लोक मोटारसायकलकडं वळले आणि गिअरची स्कूटर मागं पडली. कारखान्यात साचे आणि जिग्ज-फिक्स्चर, म्हणजे काम करताना सुटा भाग पक्का धरून ठेवणारी साधनं, होऊ लागली. आज कंपनीचं मुख्य उत्पन्न बजाज समूहातल्या शेअरच्या लाभांशातून येतं. स्कूटर तेवढी नावात राहिली.

कुर्ल्याचंही तसंच. वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिथली पद्मिनी मुंबईची टॅक्सी झाली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली. कारखान्याच्या जागेवर तोवर केव्हाच इमारती उठल्या होत्या. तळेगावात मात्र वेगळं घडलं. जनरल मोटर्सनं तिथलं उत्पादन थांबवलं आणि तो कारखाना ह्युंदाईनं घेतला. म्हणजे कारखान्याच्या जागी कारखाना राहू शकतो, आणि असं घडलं की मला मनापासून बरं वाटतं.

जागेचं काय झालं ते सातबाऱ्यावर कळतं. हातांचं काय झालं ते घरोघरी जाऊन विचारावं लागतं. म्हणून मी कॅमेरा घेऊन आधी माझ्याच घरी आलो.

(दृश्य : अंगण. काका गोणपाट काढतात.)

काका स्कूटरवरची धूळ फडक्यानं पुसतात. पेट्रोलचा कॉक उघडतात. मग स्कूटर आपल्याकडं कलती करतात, कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल पोचावं म्हणून. जरा थांबतात, कान देतात. सरळ करतात. पहिली किक. दुसरी. आत काकी पोळ्या लाटायच्या थांबल्यात.

तिसऱ्या किकला प्रिया सुरू होते.

काका लगेच बंद करत नाहीत. वाकून डाव्या हाताच्या दोन बोटांनी स्क्रू थोडासा फिरवतात, आवाज एका लयीत येईपर्यंत.