बैठका रोज, मग डेडलिफ्ट का नको?

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी दारातच एका मुलाने मला गाठलं. म्हणाला, "सर, माझे आजोबा इथल्याच, लालबागच्या तालमीत रोज पाचशे बैठका काढायचे. मग मी रोज स्क्वॉट आणि डेडलिफ्ट मारली तर काय बिघडलं?" मंडळी, लिहून आणलेलं भाषण मी खिशात ठेवलंय. आज त्या पोराशीच बोलतो. स्क्वॉट म्हणजे खांद्यावर बार, म्हणजे वजनाचा लोखंडी दांडा, घेऊन काढलेली बैठक; आणि डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरचा बार उचलून ताठ उभं राहणं.

आजोबांच्या बैठकांत ओझं होतं फक्त स्वतःच्या अंगाचं. त्याने दम वाढतो, मांड्या चिवट होतात, आणि एकदा सवय झाली की दुसऱ्या दिवशी अंग आंबतही नाही. म्हणून ते रोज जमायचं. खांद्यावर बार आला की हिशेब बदलतो. मोकळा बारच २० किलोचा. त्यावर प्लेटा चढवून पाच-पाच बैठकांचे पाच सेट काढलेत, तर स्नायूंची डागडुजी पुढचे एक-दोन दिवस चालते, झोपेच्या आणि जेवणाच्या जोरावर. ओल्या स्लॅबवर सामान चढवत नाहीत, हे मुंबईकराला मी काय सांगणार!

म्हणून स्क्वॉट आठवड्यातून दोनदा. नवशिक्याने तीनदा केला तरी चालेल, कारण तो उचलतो ते वजन कमी असतं आणि अक्षर गिरवावं तशी ती हालचाल गिरवावी लागते. डेडलिफ्टचं तसं नाही. जड असेल तर एकदाच. दुसऱ्यांदा केलीच तर हलकी. तिच्यात बहुतेकांचं वजन सगळ्यात जास्त असतं, आणि ते जमिनीवर निपचित पडलेलं असतं. स्क्वॉटमध्ये खाली जाताना मांड्या ताणल्या जातात, त्या ताणाची उसळी वर येताना कामी येते. इथे पहिल्या रेपला, म्हणजे पहिल्या उचलीला, ती फुकटची मदत नाही. शिवाय कंबर दोन्हीकडे राबते. पोरं स्क्वॉटचा हिशेब मांडीच्या खात्यात लिहितात आणि कंबरेचा लिहायचाच विसरतात.

दोन दिवस की तीन, यावर जिममध्ये भांडणं होतात. आठवड्याचं एकूण काम तेवढंच असेल, तर स्नायूंच्या वाढीत त्याने फारसा फरक पडत नाही. खरा फरक झोपेने पडतो. डोंबिवलीहून लोकलमध्ये लटकत येणारा आणि रात्री अकराला घरी पोचणारा माणूस परदेशी खेळाडूचा तक्ता भिंतीला चिकटवतो, तेव्हा मला त्याच्या कंबरेची दया येते.

आता फायदा. घरचा भरलेला सिलिंडर बघा. गॅस १४.२ किलो, टाकीसकट तीसेक किलो. चाळीत तो कंबरेतून वाकून, हिसका देऊन उचलला जातो आणि मग "कंबर धरली". तोच सिलिंडर पायाशी घेऊन, कुल्ले मागे नेऊन, पोट आवळून उचलला की झाली डेडलिफ्ट. आणि मागच्या रांगेतल्या काकूंनो, हे तुमच्यासाठीही आहे. २०१८ साली ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाळी थांबलेल्या, हाडं विरळ झालेल्या बायकांकडून प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली जड स्क्वॉट आणि डेडलिफ्ट करून घेतल्या. आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, आठ महिने. त्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता सुमारे तीन टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची थोडी घटली. मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणि शिकवणारा शेजारी असल्याशिवाय बारला हात लावू नका.

तर बाळा, सोमवारी जड स्क्वॉट. गुरुवारी आधी हलका स्क्वॉट, मग डेडलिफ्ट. आजोबांच्या बैठका बाकीच्या दिवशी खुशाल काढ, पण पाचशे नकोत, पन्नास पुरेत. आणि हो, पायात ते मऊ गादीचे रनिंग शूज नकोत. डेडलिफ्टला अनवाणी उभा राहा, आजोबा राहायचे तसा.

काकू, तुमचा हात मघापासून वर आहे. विचारा.